नऊ हजार रोपांची चोरी

खड्डे होते. रोपं नव्हती.

मी तलावाच्या काठावर घोटाभर चिखलात उभी होते. समोरच्या उतारावर आम्ही आठ ओळींत नऊ हजार रोपं लावली होती. त्याला अजून पंधरा दिवसही झाले नव्हते. खालच्या दोन ओळी पाण्यात गेल्या होत्या. ते ठीकच होतं. वरच्या सहा ओळींत मात्र एकही रोप नव्हतं. हातभर अंतरावर एकेक खड्डा आणि त्यात गढूळ पाणी, असं दूरवर.

मी उगाचच दोन-चार खड्ड्यांत हात घालून पाहिला. एखादं मूळ तरी हाताला लागेल म्हणून. काही नाही.

"ढोरांनी खाल्ली असतील," मी म्हणाले.

"नाई म्याडम," मारोती म्हणाला. तो आमचा चौकीदार. "ढोर शेंडा खाते. मूळ उपटून घरी नाई नेत."

"मग?"

"मी सासुरवाडीले गेलतो दोन दिवस. झडीत अडकलो. आज सकाळी आलो तं हे असं. शेळ्यावाला सांगे का तांड्यावरच्या बाया बैलबंडीत भरू भरू घेऊन गेल्या."

"कोणत्या बाया?"

मारोती पायाने चिखल उकरू लागला. "सकरूबाई होती म्हने."

मला खरंच कळेना हा काय बोलतोय. सकरूबाई? दहा महिने ज्या बाईने ही रोपं माझ्यासोबत वाढवली, ती?

आधी हे काम काय होतं ते सांगते.

मी वनस्पतीशास्त्राची. यवतमाळात वाढले. आजोबा कोर्टात, वडील कलेक्टर कचेरीत, त्यामुळे मीही कुठेतरी खुर्ची-टेबलाची नोकरी करेन असं घरच्यांनी धरलं होतं. काही वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मग एका संस्थेत रोपवाटिकाप्रमुख म्हणून लागले. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपर उघडला की आमच्या जिल्ह्याचं नाव. पाहणी करायला आलेल्या गाड्या रोज कोणत्या ना कोणत्या गावात उभ्या. त्या काळात शेतीसाठी, पाण्यासाठी पुष्कळ योजना आल्या. आमच्या संस्थेला मिळाली ती तलावाचे काठ सावरण्याची. तलाव यवतमाळ जिल्ह्यातलाच. नाव मुद्दाम लिहीत नाही.

काठ सावरायचा म्हणजे काय, तर तलावाची कड उघडी पडली की लाटांनी माती ढासळते. ती माती तळाशी बसते, तलाव उथळ होतो, पाणी कमी मावतं. दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगड बसवणं, सगळीकडे परवडत नाही. पण काठावर मूळचीच पाणथळ झाडं असली, लव्हाळा, पाणकणीस, बोरू, वाळा, तर त्यांची मुळं मातीला जाळीसारखी धरून ठेवतात. आमच्या तलावावर ही झाडं जवळजवळ संपली होती. सगळीकडे बेशरम माजली होती. ती जांभळ्या फुलांची, कुठेही वाढणारी, ढोरंही न खाणारी. ती काढायची आणि तिच्या जागी इथलीच झाडं लावायची, असं काम.

ही झाडं बाजारात मिळत नाहीत. शेवग्याचं रोप मागा, गुलमोहर मागा, मिळेल. लव्हाळ्याचं रोप मागितलं तर नर्सरीवाला हसतो. ते शेतकऱ्याच्या लेखी तण. म्हणून आम्ही नाल्यांत, जुन्या डोहांत फिरून कांड्या गोळा केल्या. कांडी म्हणजे या झाडांचं जमिनीखाली आडवं वाढणारं खोड. ती धुवायची, डोळे बघून तुकडे करायचे, पिशवीत लावायचे आणि पिशव्या ताडपत्रीच्या उथळ हौदात उभ्या करायच्या. बुडाला पाणी, शेंड्याला ऊन. इतर रोपवाटिकांत पाणी जास्त झालं तर रोप मरतं, आमच्याकडे कमी झालं तर.

कामाला जवळच्या बंजारा तांड्यावरच्या अकरा बाया होत्या. त्यांची पुढारी सकरूबाई. पंचेचाळिशीची असेल. नवरा रामधन, पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस. बोलणं कमी, हात सतत चालू. पाणकणसाची आणि बोरूची कांडी लहान असताना एकसारखी दिसते. माझीही गल्लत व्हायची. सकरूबाई नखाने साल खरवडून वास घ्यायची आणि दोन ढिगांत टाकत जायची. तिची चूक मी कधी पकडली नाही. तिने माझ्या तीन पकडल्या.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही रोपं काठावर लावली. कुठून कुठपर्यंत लावायची हे नकाशावर ठरलेलं होतं. प्रत्येक तलावाची एक भरल्या पाण्याची रेषा असते. तलाव पूर्ण भरला की पाणी सांडव्यावरून वाहून जातं, त्याच्या वर चढत नाही. सांडवा म्हणजे जादा पाणी जायची भिंत. त्या रेषेपासून खाली दोन फूट उंचीचा पट्टा, ही आमची जागा. मी नकाशा घेऊन काठावर चुन्याची रेघ मारली.

सकरूबाई रेघेजवळ उभी राहून म्हणाली, "म्याडम, अथी पानी येईन."

"यायलाच पाहिजे. पाण्यातलीच झाडं आहेत ना."

"तसं नाई. लय येईन औंदा."

"सकरूबाई, नकाशा आहे माझ्याजवळ."

ती वळली. पदर खोचून कामाला लागली. तो संवाद मी तिथल्या तिथे विसरले.

त्यानंतर मला नागपूरला बैठकीसाठी जावं लागलं. दोन दिवसांसाठी गेले आणि झड लागली. झड म्हणजे आमच्याकडे दिवस दिवस न थांबणारा पाऊस. रस्ता बंद झाला, फोन बंद झाले. सहाव्या दिवशी परत आले, ती या खड्ड्यांपुढे.

बंडीच्या चाकोऱ्या चिखलात स्पष्ट दिसत होत्या. तांड्याच्या दिशेनेच गेल्या होत्या.

फोन त्या दिवशी परत सुरू झाले होते. मी गावात येऊन घाटे सरांना फोन लावला. ते आमचे प्रकल्प संचालक, नागपूरला बसायचे.

"सर, रोपं गेली."

"गेली म्हणजे? मेली?"

"नाही. चोरीला गेली. सगळी. शेळ्यावाल्याने सकरूबाईला नेताना पाहिलं म्हणे."

पलीकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात योजनेची पाहणी टीम येतेय, माहीत आहे ना? त्यांना खड्डे दाखवणार आपण?"

"मी तांड्यावर जाऊन विचारते आधी."

"विचारायचं काय त्यात? माणूस पाहिलाय, नाव कळलंय. आजच्या आज पोलिसात अर्ज द्या. उद्या टीमने विचारलं तर आपल्याजवळ कागद पाहिजे. नाहीतर म्हणतील, रोपं लावलीच नव्हती."

हे खरं होतं. त्या वर्षांत कागदावर लावलेली झाडं पुष्कळ होती.

पोलीस ठाण्याकडे जाणारा रस्ता तांड्याजवळूनच जातो. फाट्यावरून तांडा दिसतो. शंभर पावलं. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चला सरळ."

हे मला आजही लिहायला जड जातं. पण मी थांबले नाही, हे खरं आहे. मला राग आला होता. दहा महिने सोबत बसून डबा खाल्ला आणि हिने असं केलं, असं वाटत होतं. विकली असतील. छपराला लावायला नेली असतील. पाणकणसाच्या पानांच्या चटया होतात. डोक्यात एकामागून एक हेच.

अर्ज मी छान लिहिला. मुद्देसूद. "सकरूबाई रामधन राठोड व इतर दहा महिला" असं नाव घालून. फौजदारांनी तो वाचला आणि विचारलं, "कोणती रोपं म्हणता?"

"पाणकणीस, लव्हाळा, बोरू."

"लव्हाळा? गवत?"

"पाणथळ वनस्पती."

"गवत चोरलं," त्यांनी शिपायाला सांगितलं. शिपाई हसला. मग म्हणाला, "तांड्यावरचे हायेत नं साहेब? मंग काय विचारता."

मी ते ऐकलं. त्यावर बोलायला हवं होतं. बोलले नाही.

दुपारी दोनच्या सुमारास पोलिसांची जीप गेली आणि तासाभराने सकरूबाईला घेऊन आली. सोबत दोन बायका होत्या. तिघींचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. कामावरूनच उचललं होतं. सकरूबाईने मला बाकावर बसलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा सैलावला. आपलं माणूस इथे आहे, आता अडचण नाही, असं तिला वाटलं होतं. ते मला दिसलं.

"म्याडम, तुमी आल्या? बरं झालं. हे काय म्हनून राह्यले कळत नाई."

फौजदार म्हणाले, "ह्याच का, मॅडम?"

मी मान हलवली.

सकरूबाईने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे. "तुमीच लिवून देल्लं काय?"

"हो."

 फौजदारांनी दरडावून विचारलं, "ए बाई, रोपं तूच काढली का?"

"हाव. म्याच काढली."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. रडेल. नवऱ्याचं नाव सांगेल. 

"काहून काढली?" शिपाई म्हणाला.

"पानी येऊन राह्यलं नं."

"पाणी आलं म्हणून चोरी?"

"चोरी कोन केली? तलाव चढून राह्यला होता. रोज चार बोटं. म्या म्याडमले फोन लावाले पोट्टं धाडलं बाजारात, फोन बंद. मारोती नाई. बुडून सडून गेली असती सारी. मंग काढली."

"पाण्यातली झाडं कशी बुडतील, सकरूबाई?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तलाव त्या रेघेच्या वर जातच नाही. सांडव्यावरून वाहून जातो!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, एखाद्या लहान पोरीला सांगावं तसं म्हणाली, "म्याडम, सांडवा उंच केला नं उन्हाळ्यात. साडेतीन फूट. आमचा मालक होता कामावर. तुमाले मालूम नाई?"

मला मालूम नव्हतं.

सांडवा तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन किलोमीटरवर. मी तिकडे एकदाही गेले नव्हते. माझा नकाशा त्याच्या आधीचा होता. मला कुणी सांगितलं नाही असं म्हणता येईल, पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. फौजदारांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, "हाव साहेब. वाढवला सांडवा. माझा भाऊबी होता तथी."

मी मनात आकडे जुळवले. अडीच फुटांची रोपं. साडेतीन ते साडेपाच फूट पाणी. पाणथळ झाड म्हणजे मासा नाही. त्याचं मूळ पाण्यात चालतं, पण पान हवेत लागतं. नवं रोप पूर्ण बुडून पंधरा दिवस राहिलं की आतून कुजतं. हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

"आता कुठं आहेत रोपं?" मी विचारलं.

"वावरात."

"कुणाच्या?"

"माह्या."

फौजदार उठले. पंचनामा करू म्हणाले. आम्ही सगळे जीपमध्ये बसून निघालो. बायका मागे, मी पुढे. 

तांड्यावर पोचलो तर वेगळंच चित्र. माणसं घोळक्याने उभी. एक म्हातारी मोठ्याने काहीतरी ओरडत होती. सकरूबाई जीप थांबायच्या आत उतरली. त्यांच्या बोलीत दोन-तीन वाक्यं झाली आणि ती मटकन खाली बसली.

"काय झालं?" मी तांड्याच्या नायकांना विचारलं. म्हातारे गृहस्थ, डोक्याला लाल फेटा.

"रामधन नाई दिसून राह्यला," ते म्हणाले. "तुमची गाडी हिले घेऊन गेली तवापासून. वावरात नाई, घरी नाई. दोन पोरं विहिरी पाह्यले गेले हायेत."

त्या वर्षांत आमच्याकडे माणूस दोन तास दिसला नाही की लोक आधी विहिरी बघायचे. मग फवारणीच्या औषधाचा डबा जागेवर आहे का ते. हे सांगायला लागत नसे. मी हे पेपरात वाचत होते. आता मी त्याच्या मधोमध उभी होते, आणि माझ्या सहीचा कागद ठाण्यातल्या टेबलावर होता.

सकरूबाई उठली. घरात गेली. बाहेर आली आणि म्हणाली, "डबा हाय जागेवर." तेवढंच. आणि परत बसली.

फौजदारही घाबरले होते. त्यांनी एका शिपायाला तलावाकडे पिटाळलं. मग मला म्हणाले, "मॅडम, तोवर वावर बघून घेऊ. इथं उभं राहून काय होणार?" खरं तर त्यांनाही तिथे उभं राहवत नव्हतं.

नायक आमच्यासोबत आले. सकरूबाईचं वावर तांड्याच्या मागच्या उतारावर. वरच्या अंगाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. वीतभर उंचीची, झडीने थोडी पिवळी पडलेली. खालच्या अंगाला जमीन खोलगट, पाणी साचणारी.

तिथे माझी रोपं होती.

टाकून दिलेली नव्हती. ढीग करून ठेवलेली नव्हती. चर काढून, चरात बोटभर पाणी ठेवून उभी लावली होती. पाणकणीस एका बाजूला, बोरू दुसऱ्या, लव्हाळा मधे, वाळा वरच्या कोरड्या कडेला. रोपवाटिकेत मी ज्या क्रमाने ठेवायला सांगायचे त्याच क्रमाने. ढोरं येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. काही शेंडे मलूल होते. बाकी सगळं हिरवं, ताठ.

आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाटीचा ढीग होता. उपटलेली, कोमेजलेली, मुळांसकट.

"हे काय?" मी नायकांना विचारलं.

"जागा पुरली नाई," ते म्हणाले. "सकरूनं तेरा तासं पऱ्हाटी उपटली. तासं म्हंजे ओळी. रामधन नाई म्हने. दुबार पेरून कशीबशी उगवली होती. पन तिनं उपटली."

मी त्या ढिगाजवळ गेले. एक झाड उचललं. चार पानं, पाचवं फुटत होतं.  धुऱ्यावरच बसले. फौजदार दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांनी पंचनाम्याचा कागद खिशातून काढलाच नाही.

साडेपाचच्या सुमारास फटफटीचा आवाज आला. ठाण्यातले एक हवालदार आणि त्यांच्यामागे, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, रामधन.

तांड्यावरची सगळी माणसं एकदम बोलायला लागली. सकरूबाई मात्र जागची हलली नाही. फक्त एकदा तिच्या बोलीत विचारलं, कुठं गेला होतास. रामधन गाडीवरून उतरला आणि पायातला काटा काढत म्हणाला, "ठान्यात."

हवालदार वैतागले होते. "साहेब, हा माणूस वावरावावरातून चालत ठाण्यात आला. म्हणे चोरी मीच केली, बायकोला सोडा, मला आत टाका. मी म्हटलं, कशाची चोरी? तर म्हणतो, ते काही माहीत नाही, कागदावर जे असन ते."

नायक हसले. मग दोघं-चौघं हसले. मला हसता येईना. मला हुंदका आला आणि तो मी थांबवू शकले नाही. सगळ्यांसमोर. एका बाईने मला पाणी आणून दिलं. सकरूबाईने नाही.

थोड्या वेळाने मी तिच्याजवळ जाऊन बसले. "सकरूबाई, तुम्ही रोपं तशीच राहू दिली असती तरी चाललं असतं. तुमचं काम लावायचं होतं. ते झालं होतं. कापूस कशाला उपटला?"

ती पाय धूत होती. "मेली असती तं तुमी काय म्हनल्या असत्या?"

"काय?"

"का बायाइनं बराबर लावली नाई. हेच म्हनल्या असत्या." मग म्हणाली, "आनि दहा महिने धुतल्या म्या त्या कांड्या. बुडताना कशी पाहू?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज मागे घ्यायला गेले. फौजदारांनी तक्रार नोंदवली नव्हती, अर्ज नुसता ठेवला होता. तो त्यांनी मला परत दिला. म्हणाले, "फाडून टाका." मी फाडला नाही. कारण सकरूबाईची अट होती. तांड्यावर नायकांसमोर मी तो वाचायचा, आणि तो खोटा आहे हे माझ्या तोंडाने सांगायचं. "पोलिसाची गाडी साऱ्याइनं पाह्यली," ती म्हणाली होती. "मंग हेबी साऱ्याइनं ऐकलं पाह्यजे."

मी वाचला. मुद्देसूद लिहिलेला तो अर्ज मोठ्याने वाचताना कसा लागत होता, ते सांगत नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "यातलं एकही वाक्य खरं नाही. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं." नायक म्हणाले, "झालं." चहा आला. रामधनने माझ्या हातात कप दिला. सकरूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी तलाव माझ्या चुन्याच्या रेघेवर गेला. दहाव्या दिवशी रेघेवर माणूस उभा केला असता तर कमरेच्या वर पाणी आलं असतं. खालच्या दोन ओळी, ज्या काढायला बायांना वेळ मिळाला नव्हता, त्या पूर्ण गेल्या. पुढे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी तिथे खणून पाहिलं. काळा चिखल निघाला, बाकी काही नाही.

पाहणी टीम ठरल्या दिवशी आली. तिघे जण, पायांत नवे गमबूट. घाटे सर सोबत. मी सगळ्यांना सकरूबाईच्या वावरात नेलं.

"हे काय आहे?" टीममधल्या बाईंनी विचारलं.

घाटे सर चटकन म्हणाले, "ही आमची उपरोपवाटिका. पूरपरिस्थितीसाठी आधीच नियोजन केलेलं."

सकरूबाई धुऱ्यावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तसं नाही," मी म्हणाले. "नकाशा जुना होता आणि मी चुकीच्या रेषेवर रोपं लावली. या बाईंनी स्वतःचा कापूस उपटून ती वाचवली. आणि मी त्यांच्यावर चोरीची तक्रार दिली."

घाटे सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. टीमच्या बाईंनी वही बंद केली आणि सकरूबाईजवळ गेल्या. किती खोल लावली, पाणी किती ठेवलं, काय काय विचारत राहिल्या. अर्धा तास. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये हे सगळं लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मला लेखी ठपका मिळाला. त्याच रिपोर्टमध्ये शिफारस होती की यापुढे रेषा ठरवताना तांड्यावरच्या दोन माणसांना सोबत घ्यावं, आणि सकरूबाईच्या पिकाची भरपाई प्रकल्पातून द्यावी. घाटे सर माझ्याशी महिनाभर फक्त चिठ्ठीने बोलले.

पोळ्यानंतर पाऊस ओसरला, तलाव सांडव्याला लागला आणि पाणी स्थिर झालं. तेव्हा आम्ही रोपं पुन्हा लावली. या वेळी चुना नव्हता, नकाशाही नव्हता. सकरूबाई पाण्याच्या कडेकडेने पुढे चालली, जागोजागी काडी रोवत. रामधन मागून काड्या पुरवत होता. आम्ही त्या काड्यांवर लावत गेलो. उपटून-लावून काही रोपं दगावली, पण बरीच तगली. दोन पावसाळ्यांनी त्या काठाला कोंब इतके दाट आले की वरून माती दिसेना. तिसऱ्या वर्षी पाणकणसात बगळ्यांनी आणि पाणकोंबड्यांनी घरटी केली. बाजूचा उघडा काठ त्याच वर्षी मोठ्या झडीत वीस-पंचवीस फूट आत ढासळला. आमचा जागेवर राहिला.

सकरूबाई पुढे चार वर्षं आमच्या कामावर होती. नंतर दोन नव्या तलावांवर बायांना शिकवायलाही गेली. माझ्याशी बोलायची, हसायचीही. जीपमध्ये मात्र कधी बसली नाही. कितीही लांबचं काम असो, चालत किंवा बंडीने यायची. मी पुष्कळदा आग्रह केला. मग सोडून दिला.

आता निवृत्त झाल्यावर संस्था मला अधूनमधून नव्या मुलामुलींना प्रशिक्षण द्यायला बोलावते. ती हुशार असतात. उपग्रहाचे नकाशे असतात त्यांच्याकडे, फोनवर उंची मोजतात. मी त्यांना सगळं शिकवते. कांडी कशी कापायची, हौदात पाणी किती ठेवायचं. शेवटी एक गोष्ट फळ्यावर लिहून देते. ती वाचून ती हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

रोपं हरवली तर आधी रोपं शोधावीत. चोर नंतर.